दुसरा भोंगा

बुवापाड्यात माझ्या अक्काच्या खोलीला जे दार आहे ते मी माझ्या हातानं केलेलं आहे. कंपनीच्या भंगारातली दोन लोखंडी पिंपं साहेबाला सांगून घेतली, कापली, घणानं ठोकून सपाट केली आणि त्या पत्र्याचं दार बसवलं. चारही कडांना रबराची पट्टी, गाडीच्या काचेला लावतात तसली, उल्हासनगरच्या एका सिंधी शेटकडून आणलेली. आतून आडवा लोखंडी दांडा. दार लावलं की उदबत्तीचा धूरसुद्धा बाहेर येत नाही. मी उदबत्ती लावूनच बघितलं होतं. गल्लीतल्या बाकीच्यांनी नंतर तसली दारं करून घ्यायचा प्रयत्न केला, पण तसं कुणाला जमलं नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढं जे सांगायचं आहे त्यात हे दार येतं, म्हणून आधी सांगून ठेवतो.

मी तिसरीपर्यंत शिकलो. त्यापुढचं मला कंपनीनं शिकवलं. तेव्हा वस्तीच्या बाजूला रसायनाच्या कंपन्या होत्या, त्यातल्या एकीत मी उभी हयात काढली. शेवटची बरीच वर्षं सेफ्टीच्या पथकात होतो. पथक म्हणजे फार मोठं काही नाही, आग लागली किंवा गळती झाली तर पुढं जायची माणसं. आम्हाला भोंगा ओळखायला शिकवलं होतं. वरखाली होत रडत राहणारा भोंगा म्हणजे गॅस सुटला. त्यानंतर एका सुरात लांबच लांब वाजणारा भोंगा म्हणजे धोका टळला. मधल्या वेळात घरात बसायचं.

हे वस्तीला कुणी शिकवलं नव्हतं. एका संध्याकाळी शेजारच्या कंपनीतून गॅस सुटला, तर लोक काय झालं ते बघायला घराबाहेर आले, आणि बघायला आलेलेच खोकत खाली बसले. डोळे असे झोंबले की माणसाला स्वतःचं घर सापडेना. मागच्या गल्लीत एका घरानं शहाणपणानं दार लावून घेतलं होतं. बाहेरून मेव्हण्यानं हाक मारली म्हणून त्यांनी ते उघडलं. त्याला आत घेईपर्यंत घर गॅसनं भरलं. सगळ्यांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि त्या घरातली म्हातारी परत आली नाही.

त्यानंतर मी गल्लीतल्या बायकांना विहारात जमवलं आणि सांगितलं. भोंगा झाला की आत. स्टोव्ह बंद, पंखा बंद, कारण पंखा बाहेरची हवा ओढतो. ओली फडकी फटीत कोंबायची, एक नाकाला धरायचं. आणि दुसरा भोंगा झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. अक्का पुढंच बसली होती. तिनं विचारलं, "आणि तू बाहेर असलास तर?"

"मी आलो तरी उघडायचं नाही. मी शिव्या दिल्या, पाया पडलो, काही केलं तरी नाही."

बायका हसल्या. अक्का हसली नाही. ती माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. आई दुसऱ्याच्या शेतावर जायची तेव्हा मी अक्काच्याच कडेवर वाढलो. तिला मूलबाळ झालं नाही, नवरा लवकर गेला, तेव्हापासून बुवापाड्यातल्या त्या एका खोलीत ती एकटी. वर पत्रा, तिन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती, हवेला वाट एकच, ती दाराची. तेव्हा मी गॅसचा विचार केला आणि दार केलं. उन्हाचा विचार कुणी करत नव्हतं. ऊन काय, दरवर्षी येतं.

मी रिटायर झालो. मुलानं बदलापूरला हेंद्रेपाड्यात फ्लॅट घेतला, मला घेऊन गेला. अक्काला पण चल म्हटलं. ती म्हणाली, विहार इथं, नळ इथं, भांडायला माणसं इथं, तिकडं येऊन मी लिफ्टशी भांडू का. मी पुष्कळ हट्ट केला, पण हट्टात आमच्या घरात ती माझी मोठी बहीण आहे. मग आठवड्यातून एक फेरी मारायचो.

अशाच एका फेरीत मी नव्या डॉक्टरीणबाईंना पाहिलं. वस्तीच्या तोंडाशी धर्मादाय दवाखाना होता, तिथं त्या आल्या होत्या. तिशीच्या आतल्या, सडपातळ, स्कूटरवरून येणाऱ्या. अक्काचं बीपी दाखवायला नेलं, तर बाईंनी बीपीच्या आधी विचारलं, घरावर पत्रा आहे का स्लॅब, लाईट कधी जाते, दुपारी कुठं बसता. तेव्हा आमच्याकडं लोडशेडिंग जबरदस्त होतं. दुपारचीच लाईट जायची. बाई सगळं लिहून घेत होत्या. दवाखान्याच्या गच्चीवर त्यांनी एक पांढरी लाकडी पेटी ठेवली होती, बाजूला झडपा असलेली. आत थर्मामीटर. दिवसातून अनेकदा त्या वर जाऊन बघून यायच्या.

मी म्हटलं, "बाई, मोजल्यानं ऊन कमी होतं काय?"

"नाही होत, काका. पण माणसं कुठल्या दिवशी पडणार ते आधी कळतं."

मला ते पटलं नाही, पण पोरगी मनापासून बोलत होती म्हणून गप्प बसलो. अक्का बाहेर आल्यावर म्हणाली, बाई चांगली आहे पण प्रश्न फार विचारते, लग्न जुळवायला आल्यासारखी.

त्यानंतर माझा गुडघा सुजला आणि पंधरा-वीस दिवस मी बुवापाड्याला गेलोच नाही. त्या दिवसांत तिकडं काय ठरलं ते मला कळलं नाही.

जयंती होऊन गेली होती. बदलापुरात सकाळीच असं तापलं होतं की गॅलरीतल्या लादीवर पाय ठेववत नव्हता. आमच्याकडं उन्हाळ्यात दुपार कलायला लागली की खाडीकडून वारा येतो, खारट, जरा बरा. पण काही दिवस असे असतात की तो वारा येतच नाही आणि डोंगराकडून भट्टीचं तोंड उघडल्यासारखी झळ येत राहते. तसे ते दिवस होते. सून म्हणाली, आज जाऊ नका. तिनं नको म्हटलं म्हणून मी निघालो, माझा स्वभावच तसा. स्टेशनाबाहेर आदिवासी बाया ताडगोळे घेऊन बसल्या होत्या. अक्काला आवडतात म्हणून पिशवीभर घेतले आणि शेअर रिक्षा पकडली.

नाक्यावर उतरून गल्लीत शिरलो आणि थांबलो. गल्लीत कुणी नव्हतं.

दुपारी लोक झोपतात, ते निराळं. आमच्या वस्तीत दुपारी लाईट गेली की माणसं दारात येऊन बसतात. म्हाताऱ्या उंबऱ्यावर, पोरं मोरीत, कुणी पायरीवर भांडी घासतंय. त्या दिवशी एकूण एक दार बंद होतं. नळाखाली हंडा अर्धा भरून तसाच सोडलेला. आणि प्रत्येक दाराच्या खाली ओलं फडकं कोंबलेलं. कुठं साडीचा तुकडा, कुठं गोणपाट, कुठं पोराचा शर्ट.

मला काय ते कळलं. टॉवेल त्या हंड्यात बुडवला आणि नाकाला लावला. पथकाची सवय म्हणून आधी वर बघितलं. गल्लीवर जयंतीच्या निळ्या पताका अजून होत्या. त्या कंपनीच्या दिशेला उडत होत्या. म्हणजे वारा डोंगराकडून कंपनीकडं जात होता. कंपनीतला गॅस इकडं येणार कसा? तारेवर कावळे चोच वासून बसले होते, पण बसले होते. डोळ्यांत झोंबणं नव्हतं. गळती झाली असती तर पथकाची माणसं कर्णा घेऊन गल्लीत फिरली असती. तीही नव्हती.

तरी टॉवेल काढायची हिंमत होईना. काही गॅसना वासच नसतो, हे मला कंपनीनंच शिकवलं होतं.

अक्काच्या दाराशी आलो. हाताच्या मुठीनं ठोकलं आणि हात मागं घेतला. पत्रा तव्यासारखा तापला होता. दार उन्हाच्या तोंडावर, वरचा पत्रा उन्हात, आणि ती आत.

"अक्का."

"कोण?"

"मी. भोंगा झाला काय?"

"झाला. तू बाहेर कशाला फिरतोस, भावड्या? कुणाच्या तरी घरात शीर." आवाज जड होता, जीभ सुकल्यासारखा.

"कधी झाला?"

"मघाशी. बराच वेळ झाला. दुसरा अजून नाही."

"कसा वाजला? वरखाली, का निराळा?"

"भोंगा तो भोंगा. मी काय गाणं ऐकत बसले होते?"

मी पुन्हा पताकांकडं बघितलं. मग नाकावरचा टॉवेल काढला. अजून मला खात्री नव्हती. पण बाहेर उभा राहून मीच श्वास घेतला नाही, तर तिला कुठल्या तोंडानं सांगणार? छाती भरून हवा घेतली. गरम होती, नाकपुडी भाजली, पण खोकला आला नाही. परत घेतली. तिसऱ्यांदा घेतली. काही झालं नाही.

"अक्का, गॅस नाही. मी उघड्या नाकानं उभा आहे. दार उघड."

"दुसरा भोंगा झाला?"

"नाही झाला. पण मी सांगतोय ना."

"तूच सांगितलं होतंस. तू आलास तरी नाही."

मी तिला शिव्या दिल्या. पाया पडतो म्हणालो. मी विहारात जे जे करीन म्हणून सांगितलं होतं ते सगळं त्या दारासमोर केलं, आणि ती आतून ऐकत राहिली. गॅस खरंच आहे असंच तिला वाटलं असणार, कारण मी पूर्वीच बजावून ठेवलं होतं की असंच होईल.

शेजारची दारं ठोकली. एका घरातून पुरुषाचा आवाज आला, काका, आत जा कुठं तरी, मरायचंय का. दुसऱ्या घरातून नुसतं लहान मूल रडत होतं, कुरकुर, दम नसल्यासारखं. कुणीही उघडलं नाही. मी चांगलं शिकवलं होतं त्यांना.

परत अक्काच्या दाराला खांदा लावला. माझ्या हातचं दार. लाथेनं मोडेल असं मी ते केलंच नव्हतं. रबरामुळं पहार घालायला फटसुद्धा नाही, आणि पहार तरी कुठं होती. सुजलेल्या गुडघ्यावर जोर देऊन दोनदा धडक मारली, पत्रा जरासुद्धा हलला नाही.

मग मी तिला बोलत ठेवायला लागलो. पाणी प्यायलीस का? माठ रिकामा, सगळं पाणी फडकी भिजवायला घातलं म्हणाली. ताडगोळे आणलेत म्हणालो. हं, म्हणाली. कुठं बसलीस, खाली का पलंगावर? खाली. डोकं दुखतं का? त्याला उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "आईला हात दे. पोहरा जड झालाय. आपल्या आडाला पाणी लागलं बघ."

आई जाऊन तीस वर्षं झाली होती. गावचा आड मी लहान असतानाच बुजला.

पथकात असताना बॉयलरवरची माणसं पडताना मी पाहिली होती. आधी जीभ जड, मग असंबद्ध बोलणं, मग बोलणंच नाही. ती कुठल्या टप्प्यावर आहे ते मला कळत होतं. दारापाशी थांबलो तर तिचा आवाज तरी कानावर राहील, आणि तो बंद पडलेलाही मलाच ऐकावा लागेल. गेलो तर काय होतंय ते कळणारच नाही. तिला मी हलवू शकणार नव्हतो. तिला हलवणारी एकच गोष्ट होती आणि ती कंपनीच्या गेटवर होती.

पिशवी दारात टाकली आणि निघालो. कंपनी फार लांब नाही, चड्डीतली पोरं खेळत जातील एवढं अंतर. मला ते त्या दिवशी संपता संपेना. डांबर चपलेला चिकटत होतं.

गेटवरचा वॉचमन माझ्या वेळचा. मला बघून उठला, पाण्याचा तांब्या पुढं केला. मी विचारलं, गॅस कुठला सुटला. तो म्हणाला, "गॅस कुठला काका? ऊन आहे ऊन. दवाखान्याच्या बाईंचा फोन आला की आपण तुटक भोंगा द्यायचा, असं ठरलंय. म्हणजे लोकांनी उन्हात कामाला जायचं नाही, विहारात सावलीला येऊन बसायचं. रिक्षा फिरवून सांगितलं की सगळ्यांना."

रिक्षा फिरली होती. पण रिक्षावर आमच्या वस्तीत सर्कसही ओरडते आणि साडीचा सेलही. ते कोण कान देऊन ऐकतो? आणि भोंगा सुरू झाला की तो तुटक आहे का सलग, हे ऐकायला आमचं माणूस थांबत नाही. मीच त्यांना थांबू नका म्हणून सांगितलं होतं.

मी म्हटलं, दुसरा भोंगा दे. लांबचा. आत्ताच्या आत्ता.

तो म्हणाला, साहेबांना विचारावं लागेल. सेफ्टीचे साहेब नवीन होते, मला ओळखत नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, ते मान्य करतो. पण म्हणाले, गॅस सुटलेला नसताना धोका टळल्याचा भोंगा कसा देऊ? तो फक्त मॅनेजरच्या हुकमानं द्यायचा असतो, आणि मॅनेजर आज मुंबईला. शिवाय असा कधीही भोंगा दिला तर उद्या खरा गॅस सुटल्यावर लोक विश्वास ठेवतील का. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. पण माझी बहीण आत आईला हात द्यायला सांगत होती. मी त्यांच्या टेबलावर हात ठेवला आणि म्हणालो, साहेब, मी इथून हलणार नाही. वाटल्यास पोलीस बोलवा.

तेवढ्यात गेटवर स्कूटर थांबली. डॉक्टरीणबाई. तोंड लालबुंद झालेलं, ओढणी डोक्याला गुंडाळलेली. त्यांनी आल्या आल्या वॉचमनला विचारलं, भोंगा नक्की वाजवलात ना? मी विहारात माठ भरून ठेवलेत, सतरंज्या टाकल्यात, आणि एक माणूस आला नाही. दवाखान्यातही कुणी नाही. अशा दिवशी कुणीच न येणं शक्य नाही.

मी सांगितलं. दारं, फडकी, बंद पंखे, रिकामे माठ. त्या ऐकता ऐकता खाली बसतील की काय असं वाटलं, पण बसल्या नाहीत. साहेबांकडं वळल्या. मग परत माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पण काका, सगळं टळलं असं ऐकून लोक उन्हात कामाला निघाले तर? पारा अजून चढतोय."

"बाई, उन्हात गेलेला माणूस सावली शोधील. आत बसलेला कुठं जाईल?"

त्यांनी साहेबांना सांगितलं, "पहिला माझ्या फोनवर वाजला ना. दुसराही माझ्याच नावावर लिहा. मी सही करते." आणि मला म्हणाल्या, "तुम्ही भोंग्याबरोबर गल्लीत पोचा. कुणाला लांब जाऊ देऊ नका, सगळ्यांना विहारात आणा."

साहेब खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग वॉचमनकडं बघून मान हलवली. वॉचमननं बटण दाबलं.

आयुष्यात तो भोंगा मी कितीदा ऐकला असेल. त्या दिवशीइतका लांब कधी वाटला नाही. बाईंनी मला स्कूटरवर मागं बसवलं. म्हातारा माणूस, परक्या पोरीच्या मागं बसायला एरवी दहा वेळा विचार केला असता.

आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा दारं उघडत होती. एकामागून एक, फडक्यांना ढकलत. माणसं भिंतीला धरून बाहेर येत होती, तोंडं भाजल्यासारखी लाल, केस कपाळाला चिकटलेले. एक बाई पायरीवरच ओकली. मघाशी मला ओरडलेला तो पुरुष मूल घेऊन बाहेर आला आणि नुसता उभा राहिला, कुठं जायचं ते त्याला कळत नव्हतं. बाई त्या मुलाकडं धावल्या. मी अक्काच्या दाराकडं.

ते बंद होतं.

भोंगा अजून वाजत होता. मी दारावर दोन्ही हात मारले, चटके बसत होते तरी. "अक्का, दुसरा झाला. ऐक, दुसरा वाजतोय." आत काही नाही. कान लावला, कान भाजला. काही नाही. मी माणसांना हाका मारल्या, छपरावर चढा, पत्रा काढा. दोघं धडपडत आले, पण त्यांनाच उभं राहवत नव्हतं. भोंगा थांबला. थांबल्यावर गल्ली एकदम शांत झाली, आणि त्या शांततेत मला आतून खरवडल्याचा आवाज आला. लोखंडावर लोखंड. थांबला. परत आला. दांडा सरकत होता, बोटा-बोटानं.

मग तो जमिनीवर पडला. मी दार ओढलं. आतली हवा तोंडावर आली ती बाहेरच्या उन्हापेक्षा गरम होती, आणि अक्का माझ्या पायांवर पडली. अंग तापलेलं, कोरडं, घामाचा थेंब नाही. डोळे उघडे पण माझ्याकडं बघत नव्हते.

तिला चौघांनी गोधडीत घालून विहारात नेलं. तिथं स्लॅब होता, फरशी गार होती. बाईंनी तिचं पातळ सैल केलं, माठच्या माठ तिच्या अंगावर रिकामे केले आणि बायकांना सुपांनी वारा घालायला लावलं. तोंडात पाणी घालू दिलं नाही, ठसका लागेल म्हणाल्या. पाय गुडघ्यात दुमडून मी भिंतीला बसलो होतो. कुणीतरी माझ्याही डोक्यावर पाणी ओतलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. बाहेर पताका हळूहळू दुसरीकडं वळल्या, खाडीचा वारा आला. तेवढ्यात अक्काच्या कपाळावर घाम फुटला. बाईंनी तो बोटानं पुसला, बोटाकडं बघितलं आणि पहिल्यांदा खाली बसल्या.

दवाखान्यात तिला सलाईनवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिनं ताडगोळे कुठं गेले म्हणून विचारलं, तेव्हा मी बाहेर जाऊन तोंड धुतलं. गल्लीतलं कुणी दगावलं नाही. अक्काचा उजवा हात मात्र तेव्हापासून थरथरतो, आणि तिला दार कधी उघडलं ते आजही आठवत नाही. भोंगा ऐकल्याचंही आठवत नाही.

मग एका संध्याकाळी विहारात बैठक झाली. बाई खाली सतरंजीवर बसल्या. म्हणाल्या, इथला भोंगा म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. अक्का म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत, आणि आम्ही तुमची रिक्षा ऐकली नाही, फिट्टंफाट. भोंगा गॅसलाच ठेवायचा, हे लगेच ठरलं. उन्हासाठी विहारावरच्या कर्ण्यातून सांगायचं, आणि सांगणारा आवाज वस्तीच्या ओळखीचा पाहिजे. मला वाटलं, आता माझं नाव घेतील. मी घसा खाकरलासुद्धा. पण एक बाई म्हणाली, काका बदलापूरचे झाले, अक्काला बोलू द्या, नळावर इतकी वर्षं तिचा आवाज ऐकतोय, झोपेतसुद्धा ओळखू. सगळे हसले. मला ते आवडलं नाही, हे लपवत नाही.

तेव्हापासून बाईंचा निरोप आला की अक्का माईक धरायची, डाव्या हातानं. बायांनो, दारं उघडी टाका, माठ भरा, म्हाताऱ्यांना विहारात पाठवा, आणि कामावर गेलेल्या नवऱ्यांना सांगा, मुकाट सावलीत बसा. एकदा मी गल्लीत शिरत होतो तर कर्ण्यातून आवाज आला की बदलापूरचे पाहुणे टोपी न घालता आलेत, त्यांना कुणीतरी पाणी द्या.

दाराचं काय करायचं यावर आमचं बरंच वाजलं. रबर काढून टाक म्हणाली. मी नाही म्हणालो. कंपन्या अजून तिथंच होत्या. शेवटी मागच्या भिंतीत वरच्या बाजूला, शेजाऱ्याच्या पत्र्याच्या वर, मी खिडकी पाडून दिली, शेजाऱ्याशी बोलून, आणि तिलाही पत्र्याची झडप केली, रबरासकट. उन्हात उघडायची, भोंग्याला लावायची.

झडप बसवून खाली उतरलो, तेव्हा अक्का पलंगावर बसून ताडगोळे सोलत होती. थरथरत्या हातामुळं अर्धा गर खाली सांडत होता, पण ती मला सोलू देत नव्हती. तिनं विचारलं, "आता भोंगा झाला आणि तू दारात आलास, तर उघडायचं का नाही? काय ते आत्ताच सांग."

मी त्या सगळ्या दुपारचा विचार केला. मागच्या गल्लीतल्या त्या घराचाही केला.

"नाही," मी म्हणालो. "दुसरा झाल्याशिवाय नाही. मी आलो तरी."

"बरं," अक्का म्हणाली. "पण मी आतून बोलायची थांबले, तर तू बाहेरून बोलत राहा."